चूलबंद त्रैराशिक

नागपूरहून दयारामच्या परीक्षेचा निकाल आला तेव्हा तुळशीराम मळ्यात वांगी तोडत होता. भाषेच्या पेपरात शंभरापैकी एक्याऐंशी आणि गणितात चौदा. दयारामनं बापाला दोन्ही आकडे वाचून दाखवले; पहिला खणखणीत आवाजात आणि दुसरा वांग्याच्या झाडाकडं बघत.

"चौदा कमी असतात का रे?" तुळशीरामनं विचारलं.

"कमीच हायेत, बाबा."

"पण काहीच नाही असं तं नाही ना?"

"तसं नाही."

"मंग झालं," म्हणून तुळशीरामनं पुढचं वांगं तोडलं.

वडनेर भोलजीत त्याचा हा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता. गारपिटीत अर्धा मळा गेला तेव्हा हा गृहस्थ उरलेल्या अर्ध्याला पाणी द्यायला निघाला होता. पण दयारामचं चौदावर भागणार नव्हतं. खामगावला राहून तो बी.ए. झाला होता आणि पुढच्या शिक्षणासाठी त्याला नागपूरच्या एका संस्थेत जायचं होतं. तिथं प्रवेशासाठी ही परीक्षा. संस्थेनं कळवलं होतं की, भाषेचा पेपर उत्तम आहे, गणिताचा तेवढा पुन्हा द्यावा. पन्नासच्या वर गेलात तर जागा तुमची. ती जागा दयारामला इतकी हवी होती की, त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना.

बरं, पोरगा मठ्ठ होता असंही नाही. त्याची अडचण निराळी होती. गणितात माणसं आली की तो त्यांच्या संसारात शिरायचा. अ आणि ब मिळून एक काम दहा दिवसांत करतात आणि मग अ काम सोडून जातो, असं वाचलं की दयारामला वाटायचं, अ का गेला असेल? ब काही बोलला असेल का? एका हौदाला दोन नळांनी पाणी येतं आणि तिसऱ्यानं वाहून जातं म्हटलं की त्याचा जीव खालीवर व्हायचा. तेवढ्यात घंटा वाजायची.

गावातले निवृत्त शिक्षक उत्तमराव गुरुजी यांनी हा रोग पहिल्याच दिवशी ओळखला. त्यांनी गावाच्या तीन पिढ्यांना त्रैराशिक शिकवलं होतं आणि चौथीची वाट बघत होते.

"अरे दयाराम, तो हौदवाला काही तुझा सासरा नाही," ते म्हणाले. "त्याची काळजी सोड. उत्तर किती येईल, याचा आधी अंदाज बांध. मग मांडणी कर. अडलं की ते गणित सोडून पुढं जा. तिथं तंबू ठोकून बसू नको."

दयारामनं महिनाभर तसं केलं. पाटीवर गणितं सुटू लागली, पण मनातली धाकधूक जाईना. शेवटी गुरुजींनीच तुळशीरामला गाठलं.

"यंदा मळ्यातल्या मारोतीचे रोडगे या रविवारी आहेत ना? त्या सगळ्या पंगतीचा हिशोब याला करू द्या. हिशोब पोटात उतरला की डोक्यात आपोआप चढतो."

तुळशीराम विचारात पडला. "चालन," तो म्हणाला. "पण दयाराम, एक सांगतो. हिशोब बराबर आला तं जाय नागपूरले. नाही आला, तं राहू दे. नांदुऱ्याले मामाच्या दुकानावर बस. दुसऱ्यांदा चौदा आले तं तू लय खचशीन बाबू, अन् ते मले पाहवणार नाही."

तो हे इतक्या मायेनं बोलला की, दयारामला वादही घालता येईना. त्याच्या नागपूरच्या जागेचा निकाल आता रोडग्यांवर येऊन ठेपला.

वऱ्हाडात रोडगे म्हणजे कणकेचे जाडजूड गोळे. ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर फोडून खायचे. वांग्यांचा प्रश्न नव्हता, मळाच वांग्यांचा होता. हिशोब होता तो कणकेचा. मागच्या महिन्यात रंगरावच्या शेतात साठ माणसांना सहा पायल्या पीठ लागलं होतं. तुळशीरामकडं दरवर्षी घरटी एक माणूस बोलावायची रीत होती आणि गावात घरं एकशेवीस. दयारामनं आधी अंदाज बांधला, मग मांडणी केली आणि म्हणाला, "बारा पायल्या."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "बरोबर," ते म्हणाले. "आणि रंगराव कंजूस आहे का, हे तू विचारलं नाहीस. ही खरी प्रगती."

तुळशीराम हे ऐकून हरखून गेला. तो पारापर्यंत गेला तो जमिनीवरून चालला की हवेतून, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. पारावर गुलाबराव भेटला. गावात कोणाकडंही कार्य असलं की आवतण देत घरोघर फिरायचं काम त्याच्याकडं असे.

"तुळशीराम भाऊ, रविवारचं घरटी एकच सांगू ना?"

"एक कायले?" तुळशीराम म्हणाला. "पोरानं आज गणित सोडवलं, गुरुजीनं बराबर म्हणलं. चूलबंद सांग."

चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी गावात कोणी चूल पेटवायची नाही. म्हातारी, तान्ही, लेकीसुना आणि घरी आलेले पाव्हणे, सगळे पंगतीला. गुलाबराव मन लावून गावभर सांगून आला. या आनंदाचा आणि बारा पायल्यांचा काही संबंध असेल, असं तुळशीरामच्या मनाला शिवलंही नाही, त्यामुळे त्यानं घरी कोणाला काही सांगितलं नाही. गुरुजी आणि दयाराम दिवसभर मळ्यात गणितं घेऊन बसलेले, त्यांच्याही कानावर ते गेलं नाही.

रविवारी सकाळपासून मळ्यात धूर निघत होता. दयारामच्या देखरेखीखाली बारा पायल्या पीठ मोजून भिजलं, रोडगे निखाऱ्यात गेले. उत्तमराव गुरुजी परीक्षकासारखे खाटेवर बसले होते. ऊन डोक्यावर आलं आणि बांधावरून पहिलं पाव्हणं दिसलं. सोजराबाई. तिच्यामागं तिचा म्हातारा, तीन मुलगे, तीन सुना, नातवंडं, माहेरी आलेली लेक, जावई आणि जावयाचे दोन भाऊ.

"घरटी एक होतं ना?" दयाराम हळूच मायला म्हणाला.

"असू दे. सोजरामायचं तसंच असते," जनकाबाई म्हणाली.

पण मागून दोन बैलगाड्या आल्या. त्यांच्यामागून निम्मं गाव पायी आलं. मग उरलेलं गाव आलं. थोड्या वेळात मारोतीच्या ओट्यापासून विहिरीपर्यंत नुसती माणसंच माणसं झाली आणि प्रत्येकाच्या तोंडावर सकाळपासून चूल न पेटवल्याची भूक दिसत होती.

जनकाबाईनं नवऱ्याला आंब्याच्या झाडाआड नेलं. "अहो, आवतण कोनतं सांगतलं तुमी?"

"चूलबंद."

"अन् पीठ?"

"पिठाचा हिशोब दयारामजवळ हाये ना," तुळशीराम म्हणाला आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. दारात आलेलं माणूस त्याच्याकडून आजवर उपाशी गेलं नव्हतं, आणि आज सगळं गावच दारात होतं. तो मटकन खाली बसला.

बापाला तसं बसलेलं दयारामनं पाहिलं. नागपूर, जागा, पन्नास गुण, सगळं तो विसरला. ओट्यावर चढून त्यानं गर्दीवर नजर फिरवली. आधी अंदाज. घरटी पाच धरले तरी सहाशे माणूस. सहाशेला साठ पायल्या. जवळ बारा. कमी पडल्या अठ्ठेचाळीस, त्या एकशेवीस घरांत वाटल्या तर घरटी अर्ध्या पायलीच्याही आत.

"गुरुजी," तो उतरून म्हणाला, "लोकाइले खरं सांगून टाकू. घरटी अर्धी पायली पीठ आलं तं पुरून उरन."

पण गुरुजींचा धीर केव्हाच सुटला होता. इतका जमाव त्यांनी शाळेच्या तपासणीलाही पाहिला नव्हता. ते खाटेवर उभे राहून ओरडले, "मंडळी, पीठ कमी पडलं आहे. घरटी एक एक पायली घेऊन या."

तुळशीरामनं डोळे मिटून घेतले. आता गाव तोंडात शेण घालणार, असं त्याला वाटलं. पण सोजराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आधी सांगाचं ना मंग. आमच्या घरी का पीठ नाही? चाला वं पोरीहो."

"माय, थांबा. अर्धीच पायली पाह्यजे," दयाराम त्यांच्यामागं धावला. "अर्धी."

"मारोतीच्या कामाले अर्धी देतात का बे? काही लाज?" सोजराबाई न थांबता म्हणाली.

तिथंच पुढचा घोटाळा होता. देवाच्या कामाला न्यायचं माप त्या गावात कोणी काठोकाठ भरत नसे. वर शिखरासारखी शीग लावून भरत. एकशेवीस घरांतून शिगेच्या पायल्या आल्या. कोणी एक आणली, कोणी शेजारणीनं दीड आणली म्हणून दोन आणल्या. दयाराम दोन्ही हात पसरून बांधावर उभा होता आणि बायका त्याच्या बगलेखालून पीठ घेऊन आत जात होत्या. आणि देवाच्या नावानं आलेलं पीठ परत न्यायचं नसतं. भिजवावं लागतं, भाजावं लागतं.

मग काय विचारता. गड्यांनी मळ्यातल्या सगळ्या गोवऱ्या उपसल्या, त्या संपल्यावर शेजारच्या मळ्यातल्या आणल्या. पंगतीवर पंगती उठल्या. लोकांनी पोटाला तडस लागेस्तोवर खाल्लं, भाजीला नावाजलं, झाडाखाली आडवे झाले, उठून पुन्हा बसले. तरी दिवस कलताना ओट्याजवळ रोडग्यांचा ढीग मारोतीच्या खांद्याला लागला होता. दुसऱ्या दिवशीही गावात चूल पेटायची गरज नव्हती.

आता निवाडा राहिला. दयाराम बापासमोर येऊन मान खाली घालून उभा राहिला. दुपारी कमी पडलं आणि संध्याकाळी हे एवढं उरलं. बरोबर आलेला हिशोब काही असा दिसत नाही, हे त्यालाही कळत होतं. नांदुऱ्याचं दुकान त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

"चुकला हिशोब," तो म्हणाला.

"कोणाचा?" उत्तमराव गुरुजी मध्येच म्हणाले. त्यांचा आवाज जरा पडला होता. "बारा पायल्यांचा हिशोब तुझा, तो बरोबर. सहाशेचं आवतण तुझ्या बापाचं. आणि हा डोंगर माझा. अर्धी पायली म्हणत होतास तू, मी ऐकलं होतं. पण इतकी माणसं पाहून मला त्रैराशिक आठवेना."

तुळशीराम ढिगाकडं बघत उठला. त्यानं पोराच्या पाठीवर हात ठेवला. "तू जाय बाबू नागपूरले," तो म्हणाला. "म्या खुशीच्या भरात तुले बुडवत होतो."

परीक्षा बुधवारी होती. मंगळवारी तुळशीराम पोराला नांदुऱ्याच्या स्टेशनवर सोडायला आला तो डोक्यावर भलंमोठं गाठोडं घेऊन.

"हे काय, बाबा?"

"रोडगे. पेपर तपासनाऱ्याइले दे. चौदा देनारा माणूस उपाशी असन बिचारा."

"असं देता येत नाही तिथं."

"मंग जे कोनी असतीन त्याइले दे. पण माघारी आणू नको."

दुसऱ्या दिवशी पेपर हातात आला. अ होता, ब होता, हौदही होता. दयारामला त्यांच्याबद्दल आजही वाईट वाटलं, नाही असं नाही. पण रविवारी त्यानं सहाशे खरी माणसं भुकेली पाहिली होती. कागदावरच्या दोघातिघांनी त्याच्या तोंडाला फेस आणावा, असं आता काही उरलं नव्हतं. त्यानं अंदाज बांधला, मांडणी केली, अडलेलं सोडून पुढं गेला. घंटा झाली तेव्हा त्याची तीनच गणितं राहिली होती.

निकाल तिथंच, दुसऱ्या दिवशी फळ्यावर लागला. गणितात एकसष्ट. दयाराम पहिल्या गाडीनं निघाला आणि स्टेशनवरून तडक मळ्यात आला. बांधावरूनच त्यानं हाक मारली.

"बाबा, एकसष्ट पडले. जागा भेटली."

"बरं झालं," तुळशीराम म्हणाला. वाफ्यात पाणी फिरवत होता, तो थांबला. "रोडगे कोनाले देल्ले?"

"परीक्षेले आलेल्या पोट्ट्याइले. चाळीस होते. मी आधी मोजले, मंग अर्धा अर्धा वाटला."

"पुरले का सगळ्याइले?"

"पुरले. दोन उरले, ते गाडीत खाल्ले."

तुळशीरामनं फावडं बांधाला टेकवलं. निकाल ऐकूनही जे हसू आलं नव्हतं ते आता त्याच्या तोंडभर पसरलं.

"मंग येते तुले गणित," तो म्हणाला आणि घरात सांगायला निघाला.