दारातली कळलावी

सगळी नोकरी आंबेनळी घाटात रस्त्याकडेचं रान कापण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर तेच रान या माणसानं महाडात आपल्या अंगणात आणून लावलं. आमचे शेजारी, मुकादमतात्या. मूलबाळ नाही, काकू गेल्यापासून एकटेच.

लोक गुलाब लावतात, मोगरा लावतात. तात्यांकडे तेरडा, कुर्डू, कोरांटी. घाटातली सोनकीही आणली होती. तिला महाडचा उकाडा मानवला नाही, तरी तिची जागा त्यांनी राखून ठेवलेली. आश्विनात अंगणात पाय ठेवायला जागा नसे. कुणी म्हणालं, "तात्या, गवत काढून देऊ का?" की उत्तर ठरलेलं, "दमानं. अजून त्याचं बी पडायचं हाय."

शाळेत दिवसभर शिकवून, रेशनच्या रांगेत उभं राहून मी घरी यायची तोवर पायांचे तुकडे पडलेले असायचे. कुंपणापाशी तात्या हजर. "ओ बाई, कोरांटीला कळी धरली." मला मेलीला कळीशी काय देणंघेणं? "हो का" म्हणायची आणि सटकायची.

त्या वर्षी त्यांनी थेट दारात कळलावी लावली. लाल-पिवळ्या पाकळ्या, चुलीतल्या जाळासारख्या वर वळलेल्या. देखणी खरी, पण ती दारात असली की घरात भांडणं होतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वेल आमच्या कुंपणावर चढली आणि घासलेटवरून माझं नि यांचं वाजलं. सासूबाईंशी तर रोजच वाजायचं, पण आता त्यांना कारण सापडलं.

"जा गो, त्याला सांग. उपटून टाक म्हणावं, नायतर मी उपटते."

मी गेले. भांडायचंही त्राण नव्हतं. तात्या पायरीवर चहा पीत बसले होते. म्हटलं, तुमच्या वेलीपायी आमच्याकडे रोज भांडणं होतायत.

"रोज?" त्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजे गुण हाय तिच्यात."

"मग काढा ना ती."

ते वेलीकडे बघत राहिले. "आमची ही होती तवा सकाळपासनं तोंड सुरू. चहा गार केला, रान घरात आणलं. ती गेली नि घर मुकं झालं. म्हटलं, लावून बघू दारात. पन भांडायला दुसरं मानूस लागतं, बाई. ते ध्यानातच नाय आलं. काढतो उद्या."

मला फार वाईट वाटलं. "राहू द्या," एवढंच म्हणून मी घरी आले. सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आपन काय, वेल नव्हती तवा भांडत नव्हतो?"

दुसऱ्या दिवशी तशीच दमून येत होते. कुंपणापाशी थांबले.

"तात्या, तुमचा कुर्डू आमच्या वाटेवर आलाय. कापून टाकीन हां."

तात्या ताडकन उठले. "हात तर लावून बघा," म्हणाले, आणि मग कितीतरी वेळ तावातावानं बोलत राहिले. रेशनची पिशवी हाताला रुतत होती. मी ती खाली ठेवली आणि उलट उत्तर दिलं.