थापाडा शिजवण्याची कृती

आमच्या भागातल्या पक्ष्यांची एक यादी आहे. दर वर्षअखेरीला ती पक्षीनिरीक्षकांच्या ऑनलाइन ग्रुपवर प्रसिद्ध होते. यंदाच्या यादीत एकशे अकरा पक्षी होते. एकशे बारावा माझ्या बायकोने पाहिला होता. तिच्या नावापुढे एवढंच लिहिलं होतं : 'निरीक्षक उपलब्ध नाही. सबब नोंद रद्द.'

निरीक्षक उपलब्ध नव्हती हे खरंच होतं. तिला जाऊन सात महिने झाले होते.

मी शिंपी आहे. माझं मशीन खिडकीपाशी असतं आणि खिडकीबाहेर झाड आहे. मी शिलाईकडे बघायचं आणि तिने झाडाकडे, अशी आमची तीस वर्षांची वाटणी होती. त्या सकाळी तिने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी पाय थांबवला. पक्षी फांदीवर तीन मिनिटं बसला आणि गेला. तिने दोन बोटं ताणून धरली आणि म्हणाली, "अहो, टेप लावा. एवढी होती शेपटी." मी तिच्या बोटांमधलं अंतर मोजलं. सव्वाचार इंच भरलं. तिने वहीत तेच लिहिलं. साडेचार लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं? पण तिच्याकडे तसं चालायचं नाही.

यादी ठेवणाऱ्या गृहस्थांचं ग्रुपवरचं नाव 'बहिरी ससाणा'. ते ससाणा नाहीत, पण पहिला शब्द त्यांना शोभतो. कुणाचं ऐकायचं नाही हे त्यांनी फार पूर्वी ठरवलेलं आहे. एकशे अकरापैकी एक्केचाळीस पक्षी त्यांनी एकट्याने पाहिलेत. त्यात एक समुद्रपक्षी आहे. तो त्यांना बसच्या खिडकीतून दिसला. समुद्र आमच्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर आहे.

मी त्यांना लिहिलं, "साहेब, वही माझ्याकडे आहे. नोंद परत घ्यावी."

त्यांचं उत्तर आलं, "शिंपीकाका, तुमचं दुःख समजू शकतो. पण ही पक्ष्यांची यादी आहे, भावनांची नाही. शंका विचारायला निरीक्षक समोर हवा."

मग माझं डोकं फिरलं. मी मशीनवरचा सदरा बाजूला ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं :

'रानटी थापाडा. पाककृती. हा पक्षी आपल्या भागात एकच आहे. डोक्यावर पिसं नाहीत. पोट शर्टात मावत नाही. स्वतःच्या घरट्यात कमी, दुसऱ्याच्या वहीत जास्त आढळतो. पकडायला सोपा : समोर माईक धरावा, आपोआप येतो. आधी चोच बांधावी, नाहीतर शिजतानाही बोलतो. मीठ, मिरी आणि कांदा घालून तीन तास उकळावा. कातडी जाड असल्याने मऊ होणार नाही. शेवटी पक्षी टाकून द्यावा आणि कांदा खावा.'

ग्रुपवर दुपारभर हशा चालला. मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"सात महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी वाईट बोललात. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

बहिरी ससाण्यांची मात्र पंचाईत झाली. हा पक्षी नसून मी आहे, असं त्यांना म्हणता येईना. तसं म्हटलं तर टक्कल, पोट आणि थापा, तिन्ही कबूल करावी लागणार. तेव्हा त्यांनी एकच मार्ग उरला होता तो धरला. तो खराखुरा पक्षी आहे असं मानलं आणि त्याच्या वतीने पक्षीसंरक्षण कार्यालयात तक्रार केली.

चौथ्या दिवशी कार्यालयाचे साहेब आणि कारकून माझ्या घरी आले. साहेब खुर्चीवर बसले, कारकून कापडाच्या गठ्ठ्यावर.

"व्यवसाय?"

"शिंपी."

कारकुनाने लिहिणं थांबवलं. "साहेब, शिंपी हाही पक्षी आहे. यादीत बघा. पानं शिवतो."

"मग?"

"मग पक्ष्याने पक्षी खाल्ला. तो आपला विषय होत नाही."

साहेब विचारात पडले. मला आशा वाटू लागली. पण साहेब हुशार होते. "काय शिवता? पानं की कपडे?"

"कपडे."

"माणूस लिहा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हं, पक्षी कुठे मारला?"

"साहेब, मी पक्षी मारलाच नाही. मी थाप मारली."

"काय मारली?"

"थाप हो. नुसती थाप."

"लिहा. थाप मारल्याचे कबूल."

"एक मिनिट साहेब," कारकून म्हणाला, "पाककृतीत थापाडा आहे. हे म्हणतायत थाप."

"थापाडा नर, थाप मादी. ऐकलं नाही का? 'मारली' म्हणाले ते, 'मारला' नाही."

"म्हणजे जोडी गेली, साहेब."

साहेबांनी टोपी काढली. दोघे क्षणभर खाली मान घालून उभे राहिले. मीही उभा राहिलो. घरात कुणी उभं राहिलं की मला बसून राहता येत नाही.

"याआधी कधी थापा मारल्यात?" साहेबांनी पुन्हा बसत विचारलं.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण खरं बोलायची सवय बायकोने लावली होती. मी म्हटलं, "साहेब, शिंप्याचा धंदा. 'उद्या संध्याकाळी कपडे तयार' असं तीस वर्षं सांगतोय. दिवसाला तीन तरी होतातच."

कारकुनाने फोनवर हिशेब केला. "बत्तीस हजार आठशे पन्नास. लीप वर्षं सोडून."

"तरीच!" साहेब म्हणाले. "तरीच हा पक्षी हल्ली कुठे दिसत नाही. घरात आणखी कोण मारायचं?"

"नाही हो. बायकोने जन्मात एक थाप मारली नाही."

"लिहा. पत्नी निर्दोष."

मग पंचनामा झाला. कात्री, पातेलं, दोन कांदे आणि टाचण्यांची उशी जप्त झाली. उशीत पिसं असतील असा संशय होता. कापूस निघाला, तर कारकुनाने 'कापूस असल्याचे भासते' असं लिहिलं. पातेल्यात काहीच सापडलं नाही. त्यावर नोंद झाली : 'आरोपीने दोन्ही पक्षी हाडांसकट खाल्ल्याचे दिसते.' मी सही केली. टाचण्या नसल्याने पुढचा आठवडा गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं फिटिंग तोंडीच केलं.

गुन्हा दाखल झाला तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहिला. जो पक्षी मारला गेला, तो यादीत नाही. यादीत नसलेला पक्षी मारणं हा गुन्हा होत नाही. आणि गुन्हा तर नोंदवून झाला होता. तेव्हा पक्षी यादीत घेणं भाग होतं. बहिरी ससाण्यांना पत्र गेलं : थाप हा पक्षी आपल्या भागात किती आहे, पंधरा दिवसांत कळवावे.

ससाण्यांनी ग्रुपवर आवाहन केलं. पहिल्या दिवशी कुणालाच थाप दिसली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'थाप ओळखायला कसलेली नजर लागते.' त्या संध्याकाळपर्यंत चौदा जणांना दिसली. फोटो आले. एकात झाड होतं, एकात आभाळ, एकात कुणाचा तरी अंगठा. दातांच्या डॉक्टरांना जोडपं दिसलं. त्यांच्या शेजाऱ्यांना लगेच पिल्लांसकट दिसलं. पंधरा दिवसांत मोजणी दोनशे चाळीसवर गेली आणि आमच्या चौकात फलक लागला : 'सावधान. हे थापांचे क्षेत्र आहे.' रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही.

ससाण्यांची तर व्याख्यानं सुरू झाली. थापेचा आवाज ते स्वतः काढून दाखवत. लोक म्हणत, अगदी हुबेहूब. एका व्याख्यानाला संरक्षण कार्यालयाचे साहेब अध्यक्ष होते. ते म्हणाले, "थापा जगल्या तरच आपण जगू." एवढं खरं वाक्य मी कुठल्याही अध्यक्षांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

इकडे माझी पाककृती भागाबाहेर पोचली होती. ओळखीची ना पाळखीची माणसं विचारत होती. मीठ किती? मिरी अख्खी की कुटून? कांदा आधी परतायचा का? एका बाईंनी करून बघितली. पक्षी मिळाला नाही म्हणून नुसता कांदा उकळला, छान झाला म्हणाल्या. एकांनी विचारलं, फ्रीजमध्ये किती दिवस टिकतो? मी सगळ्यांना उत्तरं दिली. घरात बोलायला कुणी नसलं की माणूस मिठाबद्दलही बोलतो.

महिन्याने साहेबांनी मला कार्यालयात बोलावलं. ससाणे आधीच येऊन बसले होते. त्यांनी नवा कोट घातला होता. मापात नव्हता.

"शिंपीकाका," साहेब म्हणाले, "दोनशे चाळीस थापा सापडल्यात. मुबलक पक्षी आहे. त्यात तुमच्यामुळेच तो उजेडात आला. वरून आमचं कौतुक झालं. गुन्हा मागे घेतो. आणखी काही मागणं असेल तर बोला."

मी एवढंच म्हटलं, "माझ्या बायकोची नोंद परत करा."

"बस्स, एवढंच? ससाणेसाहेब, करा की!"

"करतो," ससाणे म्हणाले. "जुनं कशाला उगाळायचं!" त्यांनी उठून माझा हात हातात घेतला. आणि खरं सांगतो, मला रडू आलं. घरी जाऊन मी वही काढली आणि ते पान उघडून मशीनवर ठेवलं.

रविवारी ससाणे स्वतः घरी आले, काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र घेऊन. मी चष्मा लावला. तिचं नाव सोनेरी अक्षरात होतं. त्याखाली लिहिलं होतं : 'थाप या पक्ष्याच्या आद्य निरीक्षक.'

"हे काय?" मी विचारलं.

"वहिनींनी जो पक्षी पाहिला ना, तो तज्ज्ञांच्या मते थापच होता. समितीत एकमताने ठरलं."

"कोण तज्ज्ञ?"

"मीच."

"अहो, थाप असा पक्षीच नाही! तुम्हालाही माहीत आहे. ती थाप मी मारली, तुमच्यावर चिडून."

"काका," ते हळूच म्हणाले, "मला माहीत आहे. पण आता दोनशे चाळीस आहेत. त्यांचं काय करू?"

"तिने आयुष्यात एक थाप मारली नाही. तिच्या नावावर ही नको. नोंद रद्द करा."

मी काय मागतोय हे माझ्या तोंडून निघाल्यावरच माझ्या कानांना कळलं.

"रद्द नाही होत," ससाणे म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, तेही दिसत होतं. "रद्द करायला निरीक्षकाची सही लागते."

जाताना त्यांनी दारात विचारलं, "काका, त्या पाककृतीत कांदा नक्की किती घ्यायचा? घरी करून बघायचं म्हणतात."

"तीन," मी म्हटलं.

प्रमाणपत्र मी भिंतीला लावलं नाही. मशीनखाली उलटं ठेवलंय. आता रोज लोक भेटतात, फोन करतात. थाप दिसते कशी, ओरडते कशी, लागते कशी, सगळं विचारतात. मीठही विचारतात. त्या सकाळी माझ्या बायकोने पाहिलेला पक्षी कोणता होता, हे मला आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही.

तुम्हीही इथपर्यंत वाचत आलात. तुमच्या तरी मनात आलं का?