करंगळीवर तोललेलं घर

मिस्त्रीने ट्रेलरचा दांडा करंगळीने उचलून दाखवला आणि सगळ्या गल्लीकडे बघितलं.

"बघा! तराजू आहे, तराजू!"

चार महिने खपून त्याने गाडीमागे ओढायचं हे घर बांधलं होतं. आत दोन बाकं, घडीचा पलंग आणि पार मागे स्वयंपाकाचा ओटा. माणूस दारं-खिडक्या करणारा. मधोमध म्हणजे बरोबर, एवढंच त्याला ठाऊक. चाकांचा आसही त्याने टेप लावून थेट मधोमध ठोकला होता.

सासरे शेजारी उभे होते. तीस वर्षं ट्रक चालवलेला गडी. त्यांनी दांड्याकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि खाकरले.

"जावईबापू, नाक जरा जड असतं तर..."

"मामा, हलकं आहे म्हणून तर गाडीवर ओझं नाही!"

"तेही खरंच." जावयाला दुसऱ्यांदा कसं टोकायचं? सासरे गुमान मागच्या सीटवर जाऊन बसले.

बायकोने तळ्याकाठच्या मुक्कामासाठी पाण्याचे कॅन, सिलिंडर, भांडी सगळं ओट्याजवळच रचलं. दांडा आता आपणहून वर उठायला लागला. मिस्त्रीने तो दाबून गाडीला अडकवला, वर खूशही झाला.

सपाट रस्त्यावर सगळं झकास. मग मोठा उतार लागला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नुसती हवा.

"अहो, आपलं घर या आरशात दिसतंय."

"वारा आहे."

"झाडाचं पान हलत नाहीये. अहो, आता ते त्या आरशात गेलं!"

मिस्त्रीने घाबरून ब्रेक दाबला. झालं! मागचं धूड असं झुललं, की गाडीचं बूड कान धरून ओढल्यासारखं हवेच्या बाजूला गेलं. बायको बोलायची थांबली. बारा वर्षांत ती पहिल्यांदाच गप्प झाली, तेव्हा मिस्त्रीने ब्रेक आणखी दाबला.

"ब्रेक सोड, गाढवा!" मागून गर्जना झाली. "रेस पण नको देऊस! स्टेअरिंग सरळ धर. ते झुलतंय तसं तू झुलू नकोस!"

मिस्त्रीने डोळे तेवढे उघडे ठेवले, बाकी सगळं सासऱ्यांवर सोडलं. झोके लहान झाले. पुढे थोडा चढ आला, तिथे गाडी कडेला थांबली. मिस्त्री खाली उतरला.

सासरे खिडकीतूनच हुकूम सोडू लागले. "पाणी पुढे. सिलिंडर पुढे बांध. भांडी पण. आता उचल दांडा."

दोन्ही हात लावले तरी दांडा उचलताना कंबर कळवळली.

"हां. असं पाहिजे. घरी गेलं की आस मागे सरकव."

"मामा, तुम्हाला गल्लीतच कळलं होतं?"

"होय."

"मग बसलात कशाला?"

"पोरगी पुढे बसली होती ना."

राहिलेला उतार मिस्त्री बैलगाडीच्या चालीने उतरला. ट्रेलर शहाण्यासारखा मागोमाग आला.

तळ्याकाठी पोचल्यावर मिस्त्री हात जोडून म्हणाला, "मी तर भीतीने मेलोच होतो. तुमचा आवाजसुद्धा हलला नाही!"

"सवय असते बाबा."

"मग उतरा ना आता. कधीचे आतच बसलाय."

"बाहेरून उघड."

मिस्त्रीने बाहेरून दार उघडलं. सासऱ्यांनी आवळलेली मूठ हळूच सोडली. मुठीत दाराचं आतलं हँडल होतं, दोन्ही स्क्रूंसकट.

"लावून टाक," सासरे म्हणाले. "आणि पोरीला सांगू नका, जावईबापू."