एलचा बांध

आमच्या गावच्या शाळेतून शिकून गेलेल्या कुणालाही एखादा इंग्रजी शब्द विचारून बघा. शब्द ए पासून एल पर्यंतचा असेल तर तो अर्थ सांगेल, त्या शब्दाची भावंडं सांगेल, वर एक वाक्यही करून दाखवेल. एम लागला की तो जमिनीकडे बघायला लागेल.

मी त्यातलाच. धुळ्याला कॉलेजात आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी मला उभं केलं आणि 'हेझिटेट' विचारला. कचरणे, सर. 'लेथार्जी'? सुस्ती. 'अ‍ॅनिमॉसिटी'? वैर. पुढच्या बाकांवरची मुलं वळून बघायला लागली. हा खेड्यातला, पायजम्यातला मुलगा! मग प्राध्यापकांनी 'ऑब्स्टिनेट' विचारला.

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सर, तो आमच्याकडे नाही."

वर्ग हसला. मी खाली बसलो. ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला काही समजावून सांगता आलं नाही. सांगायचं तर आत्माराम सरांपासून सांगावं लागतं.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. खालच्या अंगाला विहिरीवरच्या केळी, वरच्या अंगाला पावसावरची ज्वारी आणि कापूस, मधोमध शाळा. आत्माराम सर तिथे इंग्रजी शिकवतात. शाळेच्या फाटकाच्या आत त्यांना सर म्हणायचं, बाहेर नाना. अंगाने काटकुळे, डोक्यावर टोपी, आणि सदऱ्याचे दोन्ही खिसे चिठ्ठ्यांनी फुगलेले. उजव्या खिशात आजचे शब्द, डाव्यात कालचे. वाटेत कुणी विद्यार्थी दिसला की डाव्या खिशात हात जायचा.

"काय रे पोऱ्या, 'फ्रुगल'?"

मुलगा डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभा. "काटकसरी, नाना."

"वाक्य?"

"माय... माय आई इज फ्रुगल."

"आई इंग्रजीत आणू नको. जा."

असं म्हणताना सरांचा चेहरा क्षणभर उतरायचा. आम्हाला वाटायचं, वाक्य चुकलं म्हणून.

शब्दाभ्यासाचा त्यांचा एक तास असायचा. ते म्हणत, "एकटा शब्द लक्षात राहत नाही. त्याचं घर बघा, मग तो ओळख देतो." फळ्यावर वर एक शब्द लिहायचे आणि भाट लोक वंशावळ काढतात तशा त्याखाली रेघा ओढायचे. वर 'अ‍ॅक्ट', खाली 'अ‍ॅक्टर', 'अ‍ॅक्शन', 'अ‍ॅक्टिव्ह'. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, रिअ‍ॅक्ट?"

"ती ह्याच घरची मुलगी. पण आर मध्ये दिली. लग्न होऊन पलीकडे गेली, आता आपण तिच्यावर हक्क सांगायचा नाही."

'इम्पॉसिबल' शिकवला त्या दिवशी माझ्या शेजारच्याने विचारलं, "सर, मग पॉसिबल?"

सरांनी हातावरची खडूची पूड झटकली. "तो त्या घरी. अशक्य आपल्याकडे, शक्य त्यांच्याकडे. वाटणीत असंच होतं, बाळा."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत.

धड्यात पुढचा शब्द आला तर त्याचा अर्थ सांगून मोकळे व्हायचे, पण त्याची चिठ्ठी नाही, वंशावळ नाही. हेडमास्तरांनी एकदा आमच्यासमोरच त्यांना सांगितलं, "नाना, शाळेसाठी पूर्ण डिक्शनरी मागवतो. हा अर्ध्याचा खेळ पुरे करा."

"मागवा की. कपाटात शोभेल."

"आणि तुम्ही?"

"मला पुढचं येत नाही असं नाही, साहेब. बठ्ठं, सगळं येतं. पण एल हा बांध आहे. दुसऱ्याच्या शेतात पाय टाकायचा नाही."

ह्या बांधाची गोष्ट मला माझ्या वडिलांनी सांगितली. वाटणी झाली तेव्हा ते तिथे बसलेले होते.

नाना आणि पुंडलिक आबा हे दोघे भाऊ. त्यांचे वडील अक्षरशत्रू. एका वर्षी ते जळगावला कापूस घालायला गेले आणि येताना, कुणाच्या सांगण्यावरून कोण जाणे, जाडजूड इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेऊन आले. दोन्ही मुलं त्या एका पुस्तकावर शिकली. पुस्तक आलं त्या दिवशी वडिलांनी विचारलं, "ह्याच्यात मी कुठे शे?" मुलांनी 'फादर' शब्द दाखवला. ते गाडीच्या चाकाला वंगण घालत होते, त्याच हाताने त्यांनी शब्दाशेजारी अंगठा उमटवला. आई चुलीवरून उठून आली आणि हळदीच्या बोटाने तिने 'मदर'शेजारी ठसा केला. घरातल्या दोन माणसांनी आयुष्यात पुस्तकावर केलेल्या सह्या त्या तेवढ्याच.

पुढे दोघांचे संसार झाले, बांधावरून बोलाबोली झाली आणि पंच बसले. शेत वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली. रीतीप्रमाणे आईबापही वाटले: बाप नानांकडे, आई आबांबरोबर धुळ्याला. शेवटी पुस्तक उरलं. एकही भाऊ हात काढेना. दिवस कलला, पंच कंटाळले. त्यातले एक म्हणाले, "मधून फाडा आन उठा." पुस्तक शिलाईवर उसवलं, ते नेमकं एल संपतो तिथे. एलपर्यंतचं अर्धं नानांना, एमपासूनचं आबांना. माझे वडील म्हणतात, त्या दिवशी म्हातारा बाप ओट्यावर बसून होता, तो फक्त तेव्हाच उठून आत गेला.

मग बाप वारला, तेव्हा आबा आले आणि न जेवता गेले. आई वारली तेव्हा धुळ्याहून तार उशिरा पोचली. नाना तिथे जाईपर्यंत राख गार झाली होती. त्यानंतर भावाभावांत शब्द नाही.

मला धुळ्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला त्या दिवशी सर मला एसटीवर घालवायला आले. मला संकोच वाटला. आमच्या घरातून कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं आणि कुणाला घालवायला सर आलेले मी पाहिले नव्हते. ते बराच वेळ गाडीच्या पाटीकडे बघत उभे होते.

"धुळ्याले देवपुरात पुंडलिक राहस," ते एकदम म्हणाले. शाळेबाहेर कधी कधी त्यांच्या तोंडी घरची बोली यायची. "मी काही तुले पाठवत नही. पण कधी गेलास तर बघ, पुस्तक शे का. एवढंच."

"आणि असलं तर, नाना?"

"असलं तर शे. मंग मी बांध राखला ते वाया गेलं नही."

गाडी सुटली. पुढे केळीचा ट्रक होता, त्यामुळे ती बराच वेळ गावाच्या हद्दीतच रेंगाळली. मागे वळून पाहिलं तर सर तिथेच उभे होते.

मला अनोळखी घराची कडी वाजवायची भीती वाटते. जायला मला दिवाळी उलटून गेली. आबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, सरांसारखेच काटकुळे. मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी मला आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "नाना कसा शे? अजून भाकरी पाण्यात बुडवून खातो का?"

मी पुस्तकाचं विचारलं. आबांनी पलंगाकडे पाहिलं. आतून अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "दाखवा ना आता. पोरगा एवढा आलाय."

त्यांनी पलंगाखालून लोखंडी ट्रंक ओढली. नवं धोतर, त्याच्या आत मेणकापड, त्याच्या आत पुस्तक. मेणकापड उलगडलं आणि मातीसारखा भुसा खाली पडला.

"जपून ठेवलं होतं," आबा म्हणाले. "वापरलं तर झिजेल म्हणून कधी उघडलंच नही. वाळवीनी बठ्ठं खाई टाकं. आईचं पान पहिलं गेलं."

खिडकीत एक कोरी डिक्शनरी होती. त्यांनी ती नवी आणली होती. एलपर्यंतचा भाग फाडून टाकायचा आणि उरलेला ट्रंकेत ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. "पण फाडायले हात होत नही," ते म्हणाले. मग माझं मनगट धरलं. "नानाले सांगू नको. शे म्हण."

मी खोटं बोलायला कच्चा आहे. शनिवारी गावी गेलो, सरांच्या ओट्यावर बसलो आणि चपलेकडे बघत म्हणालो, "आहे, नाना. नीट आहे."

सर उठले. आत गेले. मला वाटलं सुटलो. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांचं अर्धं पुस्तक होतं, फडक्यात बांधलेलं.

"हे त्याले दे. दोन्ही एका जागी असू दे. माले पाठ शे."

मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं धैर्यही झालं नाही. 'हेझिटेट' हा शब्द मला नुसता पाठ नव्हता, हे त्या दिवशी समजलं. शिरपूरमार्गे धुळ्यापर्यंत ते फडकं मांडीवर घेऊन मी बसलो. जिथे जोडायला काही उरलं नव्हतं तिथे मी सरांचं सगळं घर घेऊन चाललो होतो.

आबांनी फडकं सोडलं. पानांच्या कडा काळ्या झालेल्या, प्रत्येक पानावर सरांच्या खुणा, कोपरे मुलांच्या बोटांनी गोल झालेले. त्यांना एफ शोधावा लागला नाही. 'फादर'शेजारचा वंगणाचा अंगठा अजून होता. त्यांनी त्यावर आपला अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"ते नवं आण," ते अक्कांना म्हणाले.

ह्या वेळी हात झाला. त्यांनी नवी डिक्शनरी गुडघ्यावर उपडी धरली आणि एल च्या शेवटी उसवली. एमपासूनचं अर्धं त्याच फडक्यात बांधून माझ्याकडे दिलं. "हे नानाले. बापाला मी काही दिवस ठेवतो म्हणावं."

पुढच्या शनिवारी मी ते सरांच्या हातात ठेवलं. कोरा कागद, कोरा वास. सरांनी फक्त 'मदर'चं पान काढलं. पांढरं स्वच्छ पान. मी मान खाली घातली.

"वाळवी ना?" सर म्हणाले.

"तुम्हाला कसं..."

"ट्रंकेत ठेवलं असेल. लहानपणी आईनं नवी पाटी आणली तर तो जुनीवर लिहायचा. नवी उशाखाली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू खोटं बोललास ते मला तेव्हाच कळलं होतं. 'नीट आहे' म्हणालास. त्याच्याकडची कुठलीही वस्तू नीट राहत नाही. जीव लावून मारतो."

"मग पुस्तक का पाठवलंत, नाना?"

 सरांनी पुस्तक मिटलं आणि फडक्याची घडी केली, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

ह्याला आता वर्ष होईल. नाना धुळ्याला गेलेले नाहीत, आबा गावी आलेले नाहीत. मी दर महिन्याला देवपुरात जातो. आबा भाकरीचं विचारतात. गावी आलो की सर अजून मला वाटेत अडवतात, पण विचारतात तो शब्द मला येत नाही. कारण आता सरांकडे फक्त एमपासून पुढचं आहे आणि बांधाचा नियम त्यांनी बदललेला नाही.

माझी धाकटी बहीण सुनंदा आठवीत गेली. तिला 'पेशन्स' येतो, 'पॉसिबल' येतो, 'ऑब्स्टिनेट' तर फारच छान येतो. 'इम्पॉसिबल' विचारला तर म्हणते, "दादा, तो त्या घरी."

पहिल्या दिवशी सरांनी काय शिकवलं, हे मी तिला मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, सर आले, फळ्यावर वर 'मदर' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. रेघांखाली काहीच लिहिलं नाही. खडू धरून फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, घंटा होईपर्यंत. वर्गाला वाटलं, सरांना पुढचं आठवत नाही.