वाढत्या मापाचा डाय

अबू राशिद यांच्या रायफलीसाठी साइझिंग डाय निवडायचं काम चारुदत्तकडे आलं, तेव्हा त्याने आयुष्यात बंदूक पाहिली होती ती बँकेच्या वॉचमनच्या खांद्यावर. पण हे सांगायची सोय नव्हती. २००९ चा मार्च होता, ऐन मंदीचा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या त्या पंप विकणाऱ्या ऑफिसात बारापैकी पाच खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि त्या पाचही जणांनी म्हणे अरुणसरांना कधी ना कधी "मला माहीत नाही" असं उत्तर दिलं होतं.

"जमेल ना?" अरुणसरांनी विचारलं. "त्यांच्या अल ऐनच्या शेतांसाठी पंपांची ऑर्डर यायचीय. तेवढीच एक जिवंत आहे. हबीबी खूश तर आपण खूश. नाहीतर..." त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"जमेल की सर. डाय म्हणजे काय, रोजच्यातलं."

रोजच्यातलं कसलं डोंबल! संध्याकाळी अल मजाजच्या फ्लॅटमध्ये कॅटलॉग उघडल्यावर त्याला एवढं कळलं, की झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जराशी फुगते. ती या पोलादी साच्यात दाबली की मूळ मापाला येते आणि पुन्हा वापरता येते. साचे दोन जातींचे. एक अख्खी पुंगळी दाबणारा, दुसरा नुसता तिचा गळा. शिवाय प्रत्येक रायफलीचं माप निराळं. अबू राशिदनी माप कागदावर लिहून पाठवलं होतं, म्हणजे आकडा तेवढा उतरवायचा होता. पण सरळ काम सरळ केलं तर तो चारुदत्त कसला?

"घ्यायचाच तर फुल घे," अनुपमा म्हणाली. ती तन्मयच्या नव्या युनिफॉर्मची पँट चार बोटं दुमडून टीप घालत होती. एप्रिलमध्ये तो ती घालून इथल्याच शाळेत जाणार की पुण्यात दुसरी शाळा शोधायची, ते नवऱ्याच्या नोकरीवर होतं, आणि त्याबद्दल दोघंही बोलत नव्हती. "नुसत्या गळ्याचा काय करायचाय? आणि माप?"

"दिलंय. पण अगदी तंतोतंत. घट्ट बसला तर?"

"मग एक माप मोठा घे बाई. लहान पडलं की गेलंच. मोठं निदान वापरता येतं."

"इट्स ऑलवेज टू बिग, आई," तन्मय पुस्तकातून म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

डाय आला, अल ऐनला गेला आणि चौथ्या दिवशी निरोप आला: चारुदत्तने एकट्याने भेटायला यावं. दीड तासाच्या ड्राइव्हमध्ये त्याने तीन सबबी पाठ केल्या. तिन्हींत चूक सप्लायरची होती.

अबू राशिदनी पुंगळी डायमध्ये घातली आणि प्रेसचा दांडा दाबला. बापाच्या पँटमधून पोराचा पाय निघावा तशी ती जशीच्या तशी बाहेर आली. चारुदत्तच्या पाठ केलेल्या सबबी कुठल्या कुठे गेल्या.

"सर, माप बराबर लिखा था आपने," तो म्हणाला. "मैंने एक साइज बडा लिया. हमारे यहाँ सब बडा ही लेते हैं."

"बंदूक बच्चा है? बडी होगी?"

"नहीं सर."

म्हातारा खो खो हसायला लागला. त्यांनी अंगातला पायघोळ झगा चिमटीत धरून दाखवला. "मेरी माँ भी. कंदूरा इतना लंबा. तीन ईद, एक कंदूरा." डोळे पुसून त्यांनी डाय हातात घेतला. "इस साइज का बंदूक मेरे भाई के पास है. मेरे को दस साल से चाहिए. बीवी बोलती है, क्यों चाहिए? अब बोलेगा, डाय आ गया. खलास."

चारुदत्तला गहिवरून आलं. हा माणूस सदाशिव पेठेत सहज खपला असता.

"और सुनो," अबू राशिद म्हणाले, "पंप भी एक साइज बडा भेजो."

दुसऱ्या दिवशी अरुणसरांनी त्याची पाठ थोपटली आणि एक पाकीट दिलं. ते ऑफिसात उघडायचा धीर चारुदत्तला झाला नाही. घरी अनुपमाने ते फोडलं, एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"नोकरी राहिली," ती म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. "शिवाय सीनियर मॅनेजर. पद चांगलं ऐसपैस दिलंय, वाढत्या अंगाचं. पण हा पगाराचा आकडा जुनाच..."

"तो डायमधून काढलाय," चारुदत्त म्हणाला. "बरोब्बर मापाच्या."

"अख्खा, की नुसता गळा?"

"फुल. तूच म्हणाली होतीस."