सासऱ्यांच्या कानातला ट्रक

घरात कुठलंही यंत्र बिघडलं की एकच नाव घेतलं जातं. माझं! मिक्सर असो, गीझर असो, शेजारच्या काकूंचा टीव्ही असो, मी नुसता जवळ जाऊन उभा राहिलो तरी यंत्र वठणीवर येतं. नाहीच आलं, तर ते मुळात टाकाऊ होतं असं समजावं.

त्यामुळे सासऱ्यांसाठी श्रवणयंत्र आणायचं ठरलं, तेव्हा ती कामगिरी आपोआप माझ्याकडे आली. सासरे निवृत्त न्यायाधीश. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. मुळात बोलणं मोजकं, त्यात कान गेलेले. जेवणाच्या टेबलावर ते माझ्याकडे असे बघतात, की आपण जामिनावर बाहेर आहोत असं मला वाटायला लागतं.

दुकानातल्या मुलीनं कानात बसणारी दोन चिमुकली यंत्रं दिली. त्यांचा आवाज कमीजास्त करायची सोय फोनवर होती. सासऱ्यांचा फोन बटणांचा, म्हणून यंत्रं माझ्या फोनला जोडायची ठरली. ती आणखी बरंच काही सांगत होती.

"सर, एक लक्षात ठेवा, फोन जोडलेला असला की—"

"कळलं, कळलं!" मी म्हणालो. यंत्रांच्या बाबतीत मला कोणी समजावून सांगितलेलं आवडत नाही.

आता एक गोष्ट तुम्हाला म्हणून सांगतो. मला मारधाडीचे टुकार सिनेमे आवडतात. मोठ्या बजेटचे, नावाजलेले नव्हेत. अगदी स्वस्तातले! व्हिलनचा अड्डा म्हणजे एक रिकामं गोदाम आणि चार पिंपं. शंभर गोळ्या सुटतात, पण भिंतीचा पोपडाही निघत नाही. मिशीवाला गुंड पहिल्या मारामारीत मरतो आणि दुसऱ्या मारामारीत गॉगल लावून पुन्हा मरायला येतो. दरीत कोसळताना गाडी निळी असते आणि पेट घेते तेव्हा पांढरी!

का आवडतात? मी विमा कंपनीत गाड्यांच्या नुकसानीचे दावे तपासतो. दिवसभर चेपलेल्या बंपरचे फोटो बघायचे आणि 'हा ओरखडा जुना आहे' असा शेरा मारायचा. दोन्ही बाजूंची माणसं थोडी खरी असतात, थोडी खोटी असतात आणि फाइल काही मिटत नाही. अशा माणसाला संध्याकाळी एखादी गाडी विनाकारण धडाडकन फुटलेली बघून किती बरं वाटतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

पण हे घरात सांगणार कोणाला? बायको ग्रंथपाल. रविवारी ती मला जे सिनेमे दाखवते त्यांत एक म्हातारा खिडकीतून बाहेर बघत असतो. दोन तास बघतो! शेवटी मी "वा!" म्हणतो. त्यात आता न्यायाधीश घरात. म्हणून मी कामावरून आलो की 'जरा सामान आवरतो' म्हणून कोठीच्या खोलीत शिरायचो, दार लोटून उलट्या बादलीवर बसायचो आणि फोनवर सिनेमा लावायचो.

त्या आठवड्यात लावला होता 'सुडाचा ट्रक'. ट्रकवाल्याची लेक एक-डोळ्या व्हिलन पळवून नेतो, आणि बाप ट्रक घेऊन निघतो. बस, एवढीच गोष्ट. पण फोनचा आवाजच येईना! मागे एकदा तो माझ्या हातून फरशीवर आपटला होता, म्हटलं त्याचंच हे. ऑफिसात मात्र व्यवस्थित वाजायचा. घरी आलं की त्याची वाचा बसायची. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, माझंही तेच होतं. मी आवाज पुरता वाढवून बघितला, नाद सोडला आणि मुकाट चित्रं बघत बसलो. संवाद मला तोंडपाठ होतेच.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

पहिल्या दिवशी बाहेरून बायकोची हाक आली. मी सिनेमा थांबवून धावलो. सासरे हॉलच्या मधोमध उभे. चेहरा पांढराफटक.

"कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा."

"आत्ता कोणीतरी म्हणालं, 'हललास तर पोरगी गेली!'"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून खाली बघितलं. खाली एक बाई कुत्र्याला फिरवत होती. ती असं काही म्हणाली असेल असं वाटेना.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, अंगानं भरभक्कम, बोलायला मृदू. सासऱ्यांशी त्या पुस्तकांबद्दल बोलत बसल्या होत्या. मी कोठीत. पडद्यावर व्हिलननं बॉम्ब फेकला, आणि बाहेर धप्प असा आवाज झाला! जाऊन बघतो तर काकू गालिच्यावर आडव्या, त्यांच्या डोक्यावर सोफ्याची उशी आणि उशी दाबून धरलेले सासरे.

"खाली राहा!" ते ओरडत होते. "अजून एक आहे!"

काकूंनी उठून केस सारखे केले, उरलेला चहा संपवला आणि "येते हं," म्हणून गेल्या. त्यानंतर बरेच दिवस त्या आल्या नाहीत.

बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिचे डोळे भरलेले.

"यंत्रात तर काही बिघाड नाही ना रे?"

इथे एक साधं वाक्य पुरेसं होतं. 'दुकानात विचारून बघू.' पण नाही! मी छाती पुढे काढली.

"यंत्र? मी स्वतः जोडलंय! यंत्र एकदम उत्तम आहे!"

"म्हणजे मग..." ती म्हणाली. यंत्र उत्तम, तर बिघाड माणसात. माझ्या एका फुशारकीनं हा निकाल लागला, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

दोन दिवसांनी सासऱ्यांनी मला गॅलरीत बोलावलं. शेजारी बसवलं. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

"जावईबापू, माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी आवाज यायचे. मग तो वहिनीला ओळखेना. वहिनीनं सगळं एकटीनं काढलं, आणि त्याच्याआधी तीच गेली." ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "माझ्या लेकीच्या वाट्याला ते यायला नको. वृद्धांचं एक निवासगृह मी पाहून ठेवलंय. डोकं ठिकाणावर आहे तोवर माझं मी ठरवलेलं बरं."

"अहो बाबा, असं काय बोलता! डॉक्टरांना तरी दाखवू या."

"डॉक्टर नाव सांगतील. नाव मला ठाऊक आहे." मग म्हणाले, "आवाजांची भीती नाही हो वाटत. पण बाकीच्यांना ते ऐकू येत नाहीत ना, तेव्हा फार एकटं वाटतं."

ज्या माणसाला मी इतकी वर्षं बिचकून होतो, त्याचा हात माझ्या गुडघ्यावर होता. मला रडू आलं, आणि मी ते खोकल्यात लपवलं.

शनिवारी आम्ही तिघं तिथे गेलो. जागा चांगली होती. स्वच्छ फरशी, कुंड्या, भिंतीवर मोठं घड्याळ. आणि तरीही मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. व्यवस्थापकबाई बायकोला खोल्या दाखवायला घेऊन गेल्या. सासरे माझ्या शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसले. मला ते बघवेना. अशा वेळी कोणी विडी काढतो, कोणी नखं खातो. माझा हात फोनकडे गेला. अर्धा राहिलेला सिनेमा आपोआप सुरू झाला. नेहमीसारखाच मुका.

पडद्यावर ट्रकवाला खिडकीतून डोकं बाहेर काढून बोलत होता. आणि शेजारी सासरे, डोळे मिटलेलेच, ओठातल्या ओठात पुटपुटले,

"'ट्रकला ब्रेक नाहीत, आणि मलाही नाहीत!'"

मी फोनकडे बघितलं. त्यांच्याकडे बघितलं. बोट टेकवून सिनेमा थांबवला.

"गेला," सासरे म्हणाले.

मी पुन्हा लावला.

"आला," सासरे म्हणाले.

दुकानातल्या मुलीचं ते अर्धवट तोडलेलं वाक्य आता कुठे मला पूर्ण ऐकू आलं! फोनमधलं सगळं सरळ त्यांच्या कानात जात होतं. बॉम्ब, गोळ्या, एक-डोळ्याचं हसू, सगळं! आणि तेही पूर्ण आवाजात!

खरं सांगतो, क्षणभर मनात आलं की गुपचूप फोन बंद करावा. आवाज थांबतील, म्हातारा बरा होईल, माझी लाजही राहील. पण मग त्यांची ती भीती कोण काढणार? पुन्हा कधी येतील आवाज, म्हणून ते उरलेलं आयुष्य कान देऊन बसले असते.

"बाबा," मी म्हणालो, "ते आवाज माझे आहेत."

त्यांनी डोळे उघडले. मी फोन पुढे केला. कोठी, बादली, टुकार सिनेमे, काकूंच्या डोक्यावरची उशी, सगळं भडाभडा ओकून टाकलं. ते ऐकत होते. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी जन्मठेपेच्या तयारीत उभा राहिलो.

तेवढ्यात बायको आली, रडून लाल झालेली. तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. आधी तिला कळेना. कळलं तेव्हा तिनं पर्स उचलली आणि भर व्हरांड्यात माझ्या पाठीत घातली.

"मी इथे बाबांसाठी खोली निवडतेय! आणि तू कोठीत बसून ट्रक बघतोस?" ती हसत होती की रडत होती, देव जाणे. दुसऱ्यांदा पर्स उचलली, तोच सासऱ्यांनी हात वर केला. कोर्टात करत असतील तसा.

"थांब जरा, बाळ. पोरगी अजून गोदामातच आहे."

फोन त्यांच्या हातात होता. मग तिथल्याच बाकावर आम्ही तिघांनी तो सिनेमा संपवला. ऐकू फक्त त्यांना येत होतं, त्यामुळे महत्त्वाचं काही आलं की ते आम्हाला सांगत. व्यवस्थापकबाई दोनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मग खोलीचं काय करायचं?"

"निकाल लागला," सासरे म्हणाले. "सुटली पोरगी."

परत येताना गाडीत ते आपण होऊन बोलले.

"माझ्याकडे एका भिंतीचा दावा होता. बाप भांडता भांडता गेला, मुलगा म्हातारा झाला. मी निवृत्त झालो तरी भिंत तिथेच. आणि इथे तो एक-डोळ्या सगळा कट स्वतःच्या तोंडानं सांगतो! माझ्यासमोर एकही आरोपी इतकं सविस्तर बोलला नाही हो."

"सगळं खोटं असतं, बाबा," मी म्हणालो.

"असू दे. पण आम्ही खरे आहोत असा आव तरी ते आणत नाहीत. गाडीचा रंग बदलला, बदलला! बापाला लेक मिळाली पाहिजे, एवढंच त्यांना ठाऊक. तेवढं होईपर्यंत थांबायचं नाही." आरशात मला बायको दिसत होती. तिनं वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं.

आता त्यांना स्वतःचा फोन घेऊन दिलाय, आणि आम्ही हॉलमध्ये राजरोस सिनेमे बघतो. शेजारच्या काकूही येतात, फक्त सासऱ्यांपासून लांबच्या खुर्चीत बसतात. काल मी मोठ्या उत्साहानं माझा जीव की प्राण असलेला सिनेमा लावला. हेलिकॉप्टरचा. हेलिकॉप्टर भाड्यानं घेणं परवडलेलं नाही, म्हणून नुसता पंख्याचा वारा आणि वर बघणारी माणसं आहेत. संपल्यावर सासऱ्यांनी चष्मा पुसला.

"जावईबापू, टुकार सिनेमा आवडायला माझी हरकत नाही. पण टुकारातलासुद्धा चांगला निवडता येऊ नये?"

मी अपील करायला स्वयंपाकघरात गेलो. बायकोनं मान वरसुद्धा केली नाही.

"बाबांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "ट्रकची सर नाही त्याला."