काळूचे उलटे खिसे

काळू माझ्या घरातून निघाला की उंबऱ्यात थांबतो, पँटीचे दोन्ही खिसे बाहेर ओढतो आणि म्हणतो, "तपासून घे, बय. मागून बोंब नको." खिसे बकरीच्या कानांसारखे दोन बाजूंना लोंबत असतात. मी चुलीकडे तोंड करून म्हणते, "माझ्या घरात चोरण्यासारखं आहे काय रे? मीठ आणि मी." तो म्हणतो, "मीठपण झाकून ठेव." मग खिसे आत ढकलतो आणि जातो.

बय म्हणजे आई. आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला तसं म्हणतात. बाकी मी त्याची कोणी नाही. मोखाड्यात रस्त्याला लागून माझ्या मालकांची भातगिरणी होती. मालक गेले, गिरणी बंद पडली, आणि त्या शेडमध्ये काळूने आपलं पूल खेळायचं टेबल आणून ठेवलं. लोक मला विचारतात, "गिरणीत आता काय दळता?" मी सांगते, "काळूला."

खिसे तो एकट्या मलाच दाखवत नाही. वाण्याला दाखवतो. एसटीतून उतरताना कंडक्टरला दाखवतो. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली की एका हाताने दंड चोळत दुसऱ्या हाताने खिसे काढतो. एकदा लग्नात जेवून उठला आणि नवरीच्या बापासमोर खिशात हात घातला. त्या बिचाऱ्याला वाटलं, हा आहेर देतोय. तो हात पुढे करून उभाच राहिला.

हे खूळ कुठून आलं, तेही सांगते. काळू चोर होता. इथे सगळ्यांना माहीत आहे, मग आडून कशाला बोला. पोरवयात भिवंडीला गोदामात हमालीला गेला आणि तिथल्या एका पूलच्या अड्ड्यावर बसायला लागला. खेळात हात चांगला. मग धंदा काय, तर नव्या माणसाशी मुद्दाम हरायचं, त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं, पैशाचा डाव लावायला लावायचं आणि मग धुऊन काढायचं. तिथेच टोळी भेटली. गोदामातली तांब्याची तार पळवताना पकडला गेला आणि आत गेला. तो आत असताना त्याची आई वारली. बाप आधीच गेला होता.

सुटून आला त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात कुणाचा तरी मोबाईल हरवला. मांडवातली सगळी डोकी एकदम काळूकडे वळली. मोबाईल पुढे अक्षतांच्या परातीत सापडला, वरमाईनेच ठेवला होता. पण तोवर याने भर मांडवात खिसे उलटे करून दाखवले होते. तेव्हापासून कुणी विचारायच्या आतच दाखवतो.

आता तो पूल खेळून पोट भरतो. मला हे बरेच दिवस खरं वाटत नव्हतं. हिरवं कापड लावलेलं टेबल, त्याला सहा भोकं, काठीने पांढरा चेंडू ढोसायचा आणि त्याने रंगीत चेंडू भोकात पाडायचे. यात पोट कसं भरतं? पण हा पुण्याला जातो, मुंबईला जातो, इंदूरला जातो, मोठमोठ्या स्पर्धा खेळतो आणि कप घेऊन येतो. एका कपात मी नागलीचं बी ठेवलंय. झाकण घट्ट बसतं, उंदीर शिरत नाही.

गिरणीची जमीन उतरती. पूर्वी गिरणी धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून तशी केलेली. त्यामुळे रोज खेळायच्या आधी काळू माझी पितळी थाळी पाणी भरून टेबलावर ठेवतो, डोळा पाण्याशी नेऊन टेबल कलतंय का बघतो आणि टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवतो. माझी पितळी कायमची तिकडेच गेली. मी म्हणते, "हिला काय म्हणायचं?" तो म्हणतो, "ही उसनवारी. खिशात मावत नाय."

पुण्यातही सामना संपला की समोरच्याला खिसे दाखवतो. तिथल्या पोरांना वाटलं, ही मोठ्या खेळाडूची स्टाईल. आता म्हणे चांगल्या घरची पोरं जिंकली की खिसे उलटे करून फोटो काढतात. त्यांच्या आया इस्त्री करून करून मरत असतील.

एका स्पर्धेत कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचं ते जुनं प्रकरण इथे बोलू नका." काळू म्हणाला, "लपवला तं ती परत चोरीच झाली." आणि बक्षीस घ्यायला गेला तेव्हा माइकवरूनच बोलून आला.

असा माणूस कुणापुढे वाकत नाही. पण एका गोष्टीसाठी तो दरवर्षी गावापुढे हात जोडायचा. रावणासाठी.

आमच्याकडे बोहाडा असतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात. कोणतं सोंग कोणत्या घराचं, ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. काळूच्या घराकडे रावण. बाप नाचायचा, त्याच्या आधी आजा. काळू आत गेल्यावर सोंग त्याच्या चुलतभावाला, लडकूला दिलं. सुटून आल्यावर काळूने ते मागितलं. बोहाड्याचं सगळं एक निवृत्त गुरुजी बघतात. ते म्हणाले, "चोराच्या अंगावर सोंग चढवायचं नाही."

काळू म्हणाला, "गुरुजी, रावण काय भजनाला गेलता? त्याने दुसऱ्याची बायको पळवली. मी नुसती तार पळवली."

लोक पोट धरून हसले. रावण मिळाला नाही. पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

यंदा लडकूला खेळाचं वेड लागलं. काळूकडेच येऊन शिकायचा. चार चेंडू नशिबाने भोकात गेले आणि स्वारी हवेत. एका बाजाराच्या दिवशी, गिरणी माणसांनी भरलेली असताना, म्हणाला, "काळ्या, एक डाव होऊन जाऊ दे. जिंकलास तं रावण तुझा. हरलास तं परत नाव काढायचा नाय. गुरुजी, चालेल?"

गुरुजी दाराशीच होते. म्हणाले, "तुमच्या घरातलं तुम्ही बघा."

मी मनात म्हटलं, झालं काम. काळूने डोळे मिटून काठी मारली असती तरी लडकू हरला असता. काळूने काठी उचलली. टोकाला निळा खडू घासला. बराच वेळ घासला. मग काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"नाय खेळत."

"फाटली काय?" लडकू ओरडला.

"तुला खेळता येत नाय, आन्‌ येत नाय हे तुला ठाव नाय," काळू म्हणाला. "असल्या माणसाला डाव लावायला लावून जिंकायचा, हीच माझी पहिली चोरी. तार नंतरची." आणि सगळ्यांसमोर खिसे उलटे केले. "तपासून घ्या. रावण घेतला नाय."

मी त्याला संध्याकाळी शिव्या घातल्या. "मूर्ख आहेस. तुझ्याच घरचं सोंग होतं."

"मूर्ख हाय," तो म्हणाला, "चोर नाय."

बोहाड्यात रावण उजाडताना निघतो. दहा तोंडांचा मुखवटा भलताच जड. नाचणाऱ्याच्या मागे एक जण तो धरून चालतो, आणि धरणारा त्याच घरातला लागतो. परक्याने हात लावायचा नाही. दरवर्षी लडकूचा सख्खा भाऊ धरायचा. त्याला यंदा वसईच्या कंपनीतून सुट्टी मिळाली नाही. लडकूला वाटलं, ओढून बांधला की निभावेल. संबळ वाजायला लागला, लडकूने पहिलं पाऊल टाकलं आणि रावण एका बाजूला कलंडला. गुरुजींनी दोघातिघांना खुणावलं. कोणी पुढे येईना.

मग रावणाच्या आतूनच आवाज आला, "काळ्या, कुठं मेलास? धर की!"

काळू माझ्या शेजारी उभा होता. त्याने गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी संबळवाल्यांकडे बघितलं. "थांबलात कशाला? वाजवा," म्हणाले.

काळूने रावण मागून धरला. पुढून बघणाऱ्याला त्याचे फक्त हात दिसत होते.

नाच संपल्यावर तो माझ्याकडे चहाला आला. चहा दोनदा घेतला. निघताना उंबऱ्यात थांबला आणि खिसे काढले. मी म्हटलं, "पुरे झालं. साऱ्या गावादेखत रावण तुझ्या हातात होता. आता कुणाला दाखवतोस?"

त्याने खिसे आत घातले नाहीत. बाहेर बघत बोलला, "माझी आयस मला उंबऱ्यात थांबवायची. रानातून आलो की खिसे बघितल्याबिगर आत घेत नव्हती. करवंदं, दगड, एकदा तं खेकडा निघाला. आता घरात शिरताना कोण बघत नाय. म्हणून इथनं निघताना दाखवतो."

मी चुलीवरचं भांडं उतरवलं, चष्मा लावला आणि उंबऱ्यापर्यंत गेले. डाव्या खिशाच्या शिवणीत निळा खडू साचला होता. तो झटकला.

"हा झाला," म्हटलं. "उजवा दाखव."